नर्मदा परिक्रमेचा शेवटचा टप्पा आणि नाशिकहून आलेल्या तिघी

परिक्रमेला, म्हणजे नर्मदेला पूर्ण प्रदक्षिणा घालायला, निघण्याआधी मी जे जे वाचलं आणि ऐकलं, त्यात शूलपाणीची झाडी होती, समुद्र ओलांडणारी विमलेश्वरची नाव होती, उगमाकडची अमरकंटकची थंडी होती. हंडिया सोडल्यापासून ओंकारेश्वर येईपर्यंतचा दक्षिण तटावरचा पट्टा मात्र सगळीकडे दोन-चार ओळींत संपायचा. मला चालताना हाच पट्टा सगळ्यात जड गेला, आणि मनात सगळ्यात जास्त राहिला तोही हाच. जे पुढच्या हंगामात निघणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरचं किंवा ओळखीचं कोणी परिक्रमेत आहे त्यांच्यासाठीही, हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात थोडक्यात सांगते. ८ नोव्हेंबर २०२२ ला मी ओंकारेश्वरला उतरले. त्या दिवशी कार्तिक पौर्णिमा, गुरुनानक जयंतीची सुट्टी आणि वर चंद्रग्रहण. नगर परिषदेचं कार्यालय बंद, ग्रहणामुळे देवळांची दारंही बंद. कागदाचं काम ९ तारखेला झालं. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, घरच्या माणसाचा फोन नंबर एवढं दिल्यावर नगर परिषदेचं परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यातल्या पिशवीत ठेवा. आश्रमांत आणि विशेषतः समुद्राच्या नावेसाठी नाव नोंदवताना ते लागतं. सोबत एक वही घ्या. रोज जिथे आसन लावाल, म्हणजे मुक्काम कराल, तिथला सही-शिक्का त्या वहीत घ्यायचा असतो. १० तारखेला गोमुख घाटावर संकल्प केला, कढाईचा, म्हणजे शिऱ्याचा, प्रसाद चढवला, कुपीत (छोट्या बाटलीत) नर्मदेचं जल भरलं आणि निघाले.

नियम माहीत नसतील त्यांच्यासाठी: मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, पायी परिक्रमा असेल तर वाहनात बसायचं नाही. ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, त्यामुळे सांगता होईपर्यंत तिथेही जायचं नाही. इतके दिवस त्या देवळाचं शिखर दक्षिण तटावरूनच पाहिलेलं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी समुद्रापाशी पोहोचले. भरतीची वेळ जुळेपर्यंत नावेसाठी दोन दिवस थांबावं लागलं. जानेवारीच्या २८ तारखेला, नर्मदा जयंतीला, जबलपूरच्या ग्वारीघाटावर होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमरकंटकला माई की बगियापाशी वळले आणि पुन्हा दक्षिण तटाला लागले. या सगळ्यावर इतरांनी खूप आणि चांगलं लिहिलं आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही.

होळी झाल्यावर नर्मदापुरमला सेठानी घाटावर पोहोचले, तेव्हा उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता. चांभाराने शिवून दिला, दोन दिवसांत पुन्हा उघडला. मग सुतळीने बांधला. दुकानं होती, पैसेही होते, पण शेवटच्या तीनशे किलोमीटरसाठी नवे बूट घ्यायचे आणि टाचा फोडून घ्यायच्या, हे मला नको होतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर फार विचार करावा लागेल, कारण नवे बूट मऊ व्हायला आठवडा तरी लागतो आणि या टप्प्यावर पाय आधीच थकलेले असतात.

१७ मार्चला हंडियाला होते. समोरच्या तटावर नेमावर, ज्याला मैयाचं नाभिस्थान म्हणतात. त्या आठवड्यात मध्य प्रदेशात आणि आपल्याकडेही अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. हरदा जिल्हा गव्हाचा. कापणीला आलेली शेतं झोपली होती. एका घरी मी ओसरीवर आसन लावलं, तेव्हा घरधनी नुकताच शेत बघून आला होता. तो कोणाशी बोलला नाही. हातपाय धुतले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि आत जाऊन बायकोला म्हणाला, "माताराम को पहले भोजन करा दो." (परिक्रमेतल्या बाईला तिकडे माताराम म्हणतात.) त्या रात्री मला घास उतरत नव्हता, पण पानात टाकणंही शक्य नव्हतं. सकाळी निघताना त्या बाईने सदाव्रत, म्हणजे परिक्रमावासीला द्यायचा शिधा, म्हणून पीठ आणि डाळ पुढे केली. तुमचंच नुकसान झालंय, राहू द्या, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "मैया का है, हमारा थोड़े ही है."

चार-पाच महिने असं घेत राहिल्यावर घेण्याची सवय होते. कोण देतं, का देतं, आपण त्याचं काय लागतो, असले प्रश्न मनात येईनासे होतात. "नर्मदे हर" म्हणायचं आणि ओंजळ पुढे करायची. मला वाटत होतं, हे मी शिकले.

हंडियाच्या पुढे इंदिरासागर धरणाचा फुगवटा लागतो. साठवणक्षमतेत देशातला सगळ्यात मोठा जलाशय हाच. फुगवट्याचं पाणीही मैयाचंच, म्हणजे ते ओलांडता येत नाही. त्यामुळे हरदा, खिरकिया, छनेरा, मूँदी, पुनासा असा लांब वळसा घ्यावा लागतो. जिच्या काठाने इतके महिने चाललो ती सलग काही दिवस दिसतच नाही. डांबरी रस्ता, कडेला सावली कमी, ट्रकची वर्दळ, आणि मार्चचं ऊन. आश्रमही काठाच्या मानाने विरळ. पहाटे साडेचारला निघून दहाच्या आत पोहोचायचं आणि उरलेलं संध्याकाळी चालायचं, असं मी ठरवलं होतं. मुक्कामासाठी गावात शिरल्यावर "परकम्मावासी कहाँ रुकते हैं?" एवढं विचारलं की शाळा, देऊळ किंवा कोणाचं तरी घर दाखवतात. पाणी दोन लिटर जवळ ठेवा. कुपीतलं जल बदलता येत नाही तेवढे दिवस कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी असं मला एका वृद्ध परिक्रमावासींनी सांगितलं होतं, मी तसंच केलं.

या पट्ट्यात मला एकटेपण जाणवलं. शेवट जवळ आला की आनंद होईल असं वाटत होतं, पण तसं झालं नाही. पाय ओढत होते, भूक मेली होती, आणि घरी फोन केला की सासूबाईंचा आवाज ऐकून रडू यायचं. हे लिहिते अशासाठी की तुम्हालाही तसं झालं तर काही बिघडलंय असं समजू नका. माझ्यासोबत त्याच रस्त्यावर असलेल्या दोन-तीन जणांनीही हेच सांगितलं.

२० मार्चला जिथे मुक्काम होता तिथल्या दादांनी सकाळी निरोप देताना बजावलं, "कल-परसों छनेरा में ही रुकना, आगे मत जाना." पावसामुळे म्हणत असतील असं मला वाटलं. २१ ला संध्याकाळी छनेऱ्याला ज्या घरी पोहोचले, त्या घरच्या अम्मा जुन्या हरसूदच्या. २००४ साली जुनं हरसूद धरणाच्या पाण्यासाठी रिकामं केलं, तेव्हा गावातली अनेक कुटुंबं छनेऱ्याला आली. आता त्यालाच नवं हरसूद म्हणतात. अम्मांनी स्वतःच्या हाताने घराची दारं-खिडक्या काढून ट्रॅक्टरवर घातल्या होत्या. माझ्या पायांना तेल लावता लावता त्या हे सांगत होत्या. त्या घरावरून गेलेल्या पाण्याला त्या अजूनही रोज नमस्कार करतात. त्यांनीही दोनदा विचारलं, "कल तो नहीं जाओगी ना?"

सकाळी सातच्या सुमारास मी मागच्या अंगणात कपडे पिळत होते. पुढच्या दारातून स्पष्ट नाशिकचं मराठी ऐकू आलं: "अहो, इथे नाशिकच्या बाई उतरल्यात ना?"

आमच्या भिशीतल्या तिघी होत्या. शेजारच्या वहिनी, पोस्टातली माझी मैत्रीण, आणि गणित शिकवणाऱ्या बाई, ज्यांचा गुडघा दोन वर्षांपासून दुखतोय. रात्रीच्या गाडीने नाशिक रोडहून खंडव्याला उतरून, तिथून जीप करून आल्या होत्या. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. वहिनी पुढे आल्या आणि आधी माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं तर म्हणाल्या, "तुझ्या नाही गं, परिक्रमावासीच्या पडतेय." मग आम्ही चौघीही रडलो. अम्मा पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्यांना आठवड्यापासून सगळं ठाऊक होतं.

शोधलं कसं, तर त्या वहीवरून. दर रविवारी मी भिशीच्या ग्रुपवर शिक्क्यांच्या पानाचा फोटो टाकायचे. शिक्क्यात आश्रमाचं नाव, गाव आणि बहुतेक वेळा फोन नंबर असतो. पोस्टातल्या मैत्रिणीने शिक्के वाचण्यात आयुष्य घालवलंय. तिने एकेका ठिकाणी फोन लावून मी कधी निघाले, रोज किती चालते, पुढे कुठे पोहोचेन याचा अंदाज बांधला होता, आणि मला न सांगण्याचं वचन सगळ्यांकडून घेतलं होतं.

त्या दिवशी २२ मार्च, गुढीपाडवा. माझ्या ते लक्षातही नव्हतं. बाईंनी पिशवीतून खण, तांब्या आणि साखरेची गाठी काढली. काठी आणायला विसरल्या असं मला वाटलं, पण त्यांनी माझ्या दंडाकडे, म्हणजे चालायच्या काठीकडे, बोट दाखवलं. ओंकारेश्वरपासून माझ्यासोबत असलेल्या त्या दंडाला खण बांधून, अम्मांच्या दारातल्या कडुलिंबाचा डहाळा लावून गुढी उभी केली. अम्मांच्या घरी त्याच दिवशी चैत्र नवरात्राचा घट बसत होता. आधी त्यांची पूजा, मग आमची गुढी, मग दोन्हींचा एकच नैवेद्य.

वहिनींनी तेलपोळ्या आणल्या होत्या, कारण त्या प्रवासात टिकतात. पण माझ्या पोटाची अवस्था बघून पहिल्या दिवशी त्यांनी मला पोळी दिली नाही. अम्मांच्या चुलीवर मऊ भात टाकला, त्यावर घरचं मेतकूट आणि तूप. इतके महिने मी टिक्कड (जाड पोळी), डाळ, खिचडी आनंदाने खाल्लं आणि कधी कशाची आठवण काढली नव्हती. त्या भाताचा वास आला तेव्हा मला बोलता येईना.

मग वहिनींनी पिशवीतून माझ्यासाठी आणलेले बूट बाहेर काढले. रविवारच्या एका फोटोत वहीच्या कडेला माझा पाय आला होता आणि बुटाला बांधलेली सुतळी त्यांना दिसली होती. आमच्या घरी जाऊन चपलांच्या मांडणीतून त्यांनी माझा नंबर बघितला. त्यांचा आणि माझा एकच निघाला. बूट घेतले, आणि नवे बूट पायाला लागतील म्हणून आठ दिवस रोज सकाळी ते घालून पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढल्या-उतरल्या. एरवी त्या कधी पाच मिनिटंही चालायला जात नाहीत. बुटाच्या टाचेच्या आत त्यांच्या पायाचा ठसा पडलेला होता. मी पाय घातला आणि कुठेही बोचलं नाही.

इथे माझं अडलं. गारपिटीत शेत गेलेल्या माणसाच्या घरचं पीठ मी नमस्कार करून घेतलं होतं. पण वहिनींच्या हातून बूट घेताना माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "कितीचे? घरी गेल्यावर लगेच देते." तिकिटं कोणी काढली, जीपचे किती झाले, तुमच्या घरी आता स्वयंपाक कोण करतंय, मी विचारत सुटले. अनोळखी माणसाचं देणं मैयाच्या नावावर टाकून मोकळं होता येतं. ओळखीच्या माणसाचा चेहरा, त्याची तंगी, त्याच्या घरच्या अडचणी आपल्याला माहीत असतात. वहिनींच्या मिस्टरांची नोकरी गेल्या वर्षी गेली होती, हे मला ठाऊक होतं. बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हंडियाच्या त्या घरी पिठाचा भाव विचारलास का?" मी गप्प बसले. वहिनी हसून म्हणाल्या, "बूट घाल आणि चल. मलाही नर्मदे हर म्हणायचं असतं."

पुढचे चार दिवस त्या माझ्यासोबत होत्या. येण्याआधी अम्मांना फोन करून त्यांनी नियम विचारून घेतले होते. म्हणून जीप खंडव्याला परत पाठवली होती. माझी पिशवीसुद्धा गाडीत घालायची नाही हे त्यांना माहीत होतं. वहिनी आणि पोस्टातली मैत्रीण माझ्याबरोबर चालल्या. गुडघ्यामुळे बाई एसटीने, म्हणजे तिथल्या खासगी बसने, पुढच्या गावी जायच्या, मुक्कामाची जागा विचारून ठेवायच्या आणि आम्ही पोहोचेपर्यंत चहा तयार असायचा. जिथे एका परिक्रमावासीची सोय असते तिथे चौघींचा भार पडतो, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी स्वतःचा शिधा आणला होता, प्रत्येक घरी तो आधी पुढे करायच्या आणि भांडी घासून निघायच्या. मूँदीच्या बाजूला एका गावात रात्री बायका सिंगाजींची भजनं म्हणत होत्या. निमाडात संत सिंगाजी घराघरात आहेत. आमच्या बाईंनी त्यांना तुकोबांचा एक अभंग म्हणून दाखवला आणि त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला.

चालता चालता पोस्टातल्या मैत्रिणीच्या तोंडून आणखी एक गोष्ट निघाली, तीही सहज. गुरुवारी सासूबाईंना कोणता डबा आवडतो यावरून ती आणि वहिनी बोलत होत्या. मी थांबले. नोव्हेंबरपासून भिशीतल्या बायकांनी वार वाटून घेतले होते. माझे मिस्टर दुकानात असताना दुपारी कोणीतरी एक जण सासूबाईंसोबत बसायची. सासूबाईंनी आणि मिस्टरांनी मला फोनवर कधी सांगितलं नाही, कारण कळलं तर ही परत येईल अशी त्यांना भीती होती. घरचं कसं चाललंय असं मी दर वेळी विचारायचे आणि "छान चाललंय" असं उत्तर यायचं. ते इतकं छान का चाललं होतं, ते मला पुनाशाच्या अलीकडे कळलं. यावेळी मी हिशेब विचारला नाही. रस्त्याच्या कडेला पिशवी ठेवली आणि दोघींना नमस्कार केला.

२६ मार्चला संध्याकाळी ओंकारेश्वर. मैया पुन्हा उजव्या हाताला दिसली. तिघींना परिक्रमेचे नियम लागू नव्हते. ज्योतिर्लिंग पुलापलीकडे पाच-दहा मिनिटांवर होतं, त्या दर्शन घेऊन आल्या असत्या. बाई आयुष्यात पहिल्यांदाच ओंकारेश्वरला आल्या होत्या. तरी कोणी पुलाकडे गेलं नाही. सकाळी एकत्रच जाऊ, असं त्यांनी आपसात कधीच ठरवलं होतं.

२७ तारखेला गोमुख घाटावर संकल्पपूर्तीची पूजा झाली. पूजा, कढाई आणि कन्याभोजन यांसाठी आधी गुरुजींशी दक्षिणेसकट स्पष्ट बोलून घ्या. बोलायला संकोच करू नका, तेही मोकळेपणाने सांगतात. कन्याभोजनाचं मी अगदी साधं ठरवलं होतं. पण भिशीतून माझं नाव यंदा वगळा असं सांगून मी गेले होते ते त्यांनी वगळलंच नव्हतं. माझे हप्ते बाकीच्यांनी भरले होते आणि मार्चची भिशी माझ्या नावाने लावली होती. त्या पैशांत एकवीस मुलींना पुरी, शिरा, भाजी आणि प्रत्येकीला वही-पेन्सिल असं झालं. नवरात्र असल्यामुळे मुलींना दिवसभर आमंत्रणं होती, म्हणून सकाळी लवकर बोलावलं. तुमची सांगता चैत्र नवरात्रात येत असेल तर आदल्या संध्याकाळीच त्यांच्या घरी सांगून ठेवा.

दक्षिण तटावरच्या ममलेश्वरला जल वाहिलं आणि मग पुलावर पाय ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मैया माझ्या पायाखालून वाहत होती. मध्यावर मला पुढे जाववेना. वहिनी एका बाजूला आणि मैत्रीण दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, कोणी घाई केली नाही, कोणी फोटो काढला नाही. पलीकडे गेलो, रांगेत दोन तास उभं राहून कुपीतलं जल ओंकारेश्वराला चढवलं. दुपारी सुरुवातीच्याच प्रमाणपत्रावर सांगतेची नोंद आणि शिक्का घेतला. तो घ्यायला विसरू नका, थकव्यात राहून जातो.

खर्चाचं विचारतात म्हणून: घर सोडल्यापासून माझ्या हातून पंधरा-सोळा हजार गेले. त्यात पहिले बूट, औषधं, नाव, ठिकठिकाणची दक्षिणा आणि फोनचं रिचार्ज आलं. भिशीचे हप्ते मी एप्रिलपासून दुप्पट भरून फेडले, त्याला कोणी हरकत घेतली नाही. बुटांचे पैसे मी पुन्हा विचारले नाहीत.

तुमच्या ओळखीचं कोणी परिक्रमेत असेल आणि शेवटी भेटायला जायचं मनात असेल तर काही गोष्टी सांगते. मुक्कामाच्या घरी आधी फोन करा आणि स्वतःचा शिधा न्या. गाडीत बसण्याचा किंवा सामान ठेवण्याचा आग्रह करू नका. गोडधोडापेक्षा मऊ भात, ताक, पायाला लावायचं तेल, कोरडे मोजे यांचा उपयोग जास्त. सोबत चालायचं असेल तर त्या माणसाच्या वेगाने चाला. तुम्ही ताजे असता. आणि परतीची तिकिटं काढताना एक दिवस इकडे-तिकडे होणार हे धरून चाला. या तिघींनी खंडव्याहून २७ आणि २८ अशा दोन्ही तारखांची चार-चार तिकिटं काढली होती. २७ ची २६ ला रात्री रद्द केली, त्यात थोडे पैसे कापले गेले. चौथं तिकीट माझ्या नावाचं होतं, खालचा बर्थ.